एका घरातले तीन ‘दोन फूट’: वेंगुर्ल्याच्या प्लायवुडकामाचे प्रकरण

वेंगुर्ला तालुक्यात, समुद्रापासून जवळच असलेल्या एका चिरेबंदी घराची मागची बाजू पर्यटकांसाठी तयार होत होती. दोन खोल्या, एक छोटे स्वयंपाकघर, निवास-न्याहारीची सोय. चिरा, कौले, फरशी सगळे झाले होते, उरले होते लाकूडकाम. प्लायवुड मिरगाच्या आधी घरात यावे आणि गणपतीला चाकरमानी यायच्या आत काम आटपावे, असा घरच्यांचा हिशेब होता.

मे अखेरीस मला देखरेखीसाठी बोलावले तेव्हा काम निम्म्याहून पुढे गेले होते आणि तीन ठिकाणी अडले होते. ओट्याखालचे चारही ड्रॉवर चॅनेलवर, म्हणजे ज्यावर ते सरकतात त्या धातूच्या पट्ट्यांवर, चढत नव्हते. दोन्ही पलंगांत गाद्या बसत नव्हत्या. आणि मिस्त्रींनी आणखी तीन शीट मागवायला सांगितल्या होत्या. डिझायनरच्या यादीप्रमाणे तर वीस शीट पुरायला हव्या होत्या.

घरात बोलणी सुरू झाली होती. मुंबईतल्या मुलाला वाटत होते, मिस्त्रींना मिलिमीटर कळत नाहीत. मिस्त्रींना वाटत होते, पुण्याच्या डिझायनरने कधी करवत हातात धरलेली नाही. काकूंना वाटत होते, दुकानदाराने फसवले. मी दिवसभर टेप आणि जाडी मोजायचे कॅलिपर घेऊन सगळे मोजले. निघाले ते असे की माप कोणाचेही चुकलेले नव्हते. प्रत्येकाने आपापल्या पट्टीवर बरोबर मोजले होते. गडबड झाली होती ती एका मापाचे दुसरे माप करताना, आणि तीही चार जणांनी चार वेळा, एकमेकांना न विचारता.

कोण कशात मोजत होते

डिझायनरची सगळी चित्रे मिलिमीटरमध्ये. कापणीची यादी संगणकाने काढलेली: शीट २४४० × १२२०, जाडी १८, कपाट ६००, दार ५९७. दुकानदाराच्या तोंडी ‘आठ बाय चार, एकोणीस एमएम’, दर चौरस फुटाला. म्हणजे लांबी-रुंदी फुटात, जाडी मिलिमीटरमध्ये आणि पैसे पुन्हा फुटात. मिस्त्री फूट, इंच आणि सूत यांत काम करणारे. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. त्यांच्या हिशेबात हेच प्लाय ‘सहा सुती’: सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९.०५ मिलिमीटर.

मुलगा फोनवरून मध्ये पडायचा आणि सगळ्यांना सोपे करून सांगायचा, “सहाशे म्हणजे दोन फूट.”

त्याचा हा हिशेब हवेतून आलेला नव्हता. त्याच घरात महिन्यापूर्वी फरशी बसली होती. फरशीच्या दुकानात ‘दोन बाय दोन’ मागितली की ६०० × ६०० मिलिमीटरची फरशी मिळते आणि कोणाचे काही बिघडत नाही, कारण सांधा आणि भिंतीलगतची कापलेली फरशी सगळा फरक पोटात घेते. फरशीच्या जगात दोन फूट म्हणजे ६०० हे खरेच आहे. टेपवर मात्र दोन फूट म्हणजे ६०९.६. आणि मिस्त्रींच्या हातून प्लायचा जो दोन फुटी पट्टा निघतो तो या दोन्हींपेक्षा वेगळा असतो.

तो का, हे मिस्त्रींनी मला शीटवर टेप धरून दाखवले. “मॅडम, पुरो दोन फुटाचो पट्टो काढलो तर दुसरो पुरो गावाचो नाय.” म्हणजे दुसरा पुरा मिळायचा नाही. चार फुटी शीट १२२० मिलिमीटर रुंद. तिच्यातून ६०९.६ चे दोन पट्टे म्हणजे १२१९.२. मधे करवतीचे पाते तीनेक मिलिमीटर लाकूड खाते. झाले १२२२. शीट संपली, दोन मिलिमीटर कमीच पडले, आणि अजून कारखान्यातल्या कडा साफ करायच्या राहिल्या. म्हणून सुतार ‘दोन फुटाला दोन सूत कमी’ धरतो. मिस्त्रींच्या पेन्सिलीने प्लायवर लिहिलेला आकडा होता १-११-६: एक फूट, अकरा इंच, सहा सूत. मिलिमीटरमध्ये ६०३.२५. दोन पट्टे, एक काप, आणि दोन्ही कडांना मिळून दहा मिलिमीटर साफसफाईला शिल्लक. पाते किती खाणार आणि कडा किती उडणार, हे सगळे त्या ‘दोन सूत कमी’मध्ये आधीच धरलेले आहे. हे ज्ञान कुठल्या चित्रात लिहिलेले नसते, आणि एखाद्याला सूत येत नाही म्हणून ते कालबाह्य ठरत नाही, हे मला इथे ठासून सांगायचे आहे.

तर एकाच घरात तीन ‘दोन फूट’ नांदत होते: फरशीचे ६००, पट्ट्याचे ६०३ आणि टेपचे ६१०.

शीट दोन प्रकारच्या होत्या

वीसपैकी पहिल्या बारा शीट कुडाळहून आल्या होत्या. त्या टेपवर २४४२ × १२२१ भरल्या. उरलेल्या आठ घाईत दुसऱ्या व्यापाऱ्याकडून आणल्या होत्या. त्या भरल्या २४०३ × १२०१. दोन्ही बिलांवर ‘८ × ४’.

दोन्ही मापे आपापल्या जागी योग्य आहेत. आठ फूट म्हणजे नेमके २४३८.४ मिलिमीटर आणि चार फूट म्हणजे १२१९.२, बाजाराने ते २४४० आणि १२२० असे गोल केले. भारतीय मानकाने मात्र मेट्रिक विचार केला. सर्वसाधारण प्लायवुडच्या आयएस ३०३ या मानकाच्या १९८९ च्या आवृत्तीत मापे येतात ती २४०० × १२००, २१०० × १२००, १८०० × ९०० अशी पूर्ण शेकड्यांत. शीट लांबीला ६ आणि रुंदीला ३ मिलिमीटरपर्यंत जास्त चालते, कमी मुळीच चालत नाही. म्हणजे आपली दुसरी खेप मानकाच्या मापात अचूक बसत होती. पहिली खेप फुटाच्या मापात बसत होती. बाजार दोघींनाही ‘आठ बाय चार’च म्हणतो.

काकूंनी दुकानात पहिला प्रश्न पाण्याचा विचारला होता, आणि तो बरोबरच होता. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या ओलीत साधे प्लाय पापुद्र्यांनी सुटते. म्हणून आयएस ७१० चे मरीन प्लाय घेतले होते, ज्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून डिंकाची परीक्षा घेतात. दर्जा बघून घेतला गेला. माप बघून घ्यावे लागते हे कोणाच्या ध्यानातच आले नाही, कारण माप तर सगळ्यांना ‘माहीत’ होते.

ड्रॉवर

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि या प्रकरणातले शिकण्यासारखे बहुतेक सगळे इथेच आहे.

ओटा कडप्प्याचा. खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या, दोन फळ्यांमधला गाळा ६०५ मिलिमीटरचा. त्या गाळ्यात सरकवायचे कपाट चित्रात बाहेरून ६००, बाजूच्या फळ्या १८ च्या, आतून ५६४. ड्रॉवरचे खोके पुण्याहून तयार होऊन आले, रुंदी ५३८. उरलेले २६ दोन चॅनेलना. एका टेलिस्कोपिक चॅनेलची जाडी १२.७ मिलिमीटर, दोन मिळून २५.४. कागदावर सगळे नीट.

इथे एक गंमत नव्हे तर महत्त्वाची गोष्ट: १२.७ म्हणजे नेमका अर्धा इंच, चार सूत. संपूर्ण मिलिमीटरच्या चित्रात इंच आधीपासून लपून बसलेला होता. मिस्त्री चॅनेल हातात घेऊनच म्हणाले होते, “बाजूक चार-चार सूत.” त्यांना ते मोजावेही लागले नाही.

आता शीटची जाडी. कॅलिपरवर पहिल्या खेपेची जाडी १८.६ भरली. ही जाडी दोषाची नाही. सहा मिलिमीटर आणि त्यापुढच्या प्लायला मानक पाच टक्के कमी-जास्त चालवून घेते. १९ ची शीट १८.०५ पर्यंत उतरू शकते, १८ ची शीट १८.९ पर्यंत चढू शकते. म्हणजे १८.६ ची शीट १८ म्हणूनही खपते आणि १९ म्हणूनही, आणि दोन्ही वेळा मानकाच्या मर्यादेत बरोबरच असते. शिक्का वाचून जाडी कळत नाही, ती मोजावीच लागते.

आत पांढरा लायनर लॅमिनेट, म्हणजे फळीवर चिकटवलेला पातळ थर, होता, ०.८ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना. त्याचा चित्रात पत्ताच नव्हता. तेव्हा ६०० तून दोन बाजूंचे ३७.२ आणि लायनरचे १.६ वजा केले की आत राहतात ५६१.२. त्यात ५३८ चे खोके ठेवले तर दोन चॅनेलना मिळून २३.२. लागतात २५.४. सव्वादोन मिलिमीटर कमी. ड्रॉवर अडकणारच. मिस्त्रींनी आधी चॅनेल बदलून पाहिले, मग स्क्रूची डोकी घासली. पण जागाच नाही तिथे घासून काय होणार?

खरा प्रश्न वेगळाच होता. चित्रात तीन आकडे होते: बाहेरून ६००, जाडी १८, आतून ५६४. जाडी १८.६ निघाल्यावर हे तिन्ही एकदम खरे राहू शकत नव्हते. कोणता तरी एक सोडावा लागणार होता. डिझायनरला विचारले असते तर त्याने आतले ५६४ राखायला सांगितले असते, कारण ड्रॉवर त्यावर अवलंबून. मिस्त्रींनी बाहेरचे ६०० राखले आणि तळफळी कापून कमी केली, कारण समोर कडप्प्याचा गाळा दिसत होता आणि कपाट त्यात जाणे त्यांना महत्त्वाचे वाटले. त्यांचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. कोणता आकडा पवित्र आणि कोणता लवचीक, हे चित्राने सांगायला हवे होते.

उपाय सोपा निघाला. आतले स्वच्छ माप ५६४ धरले. त्यात लायनरचे १.६ आणि बाजूंचे ३७.२ मिळवले: बाहेरून ६०२.८. गाळा ६०५. बसते. मिस्त्रींना आकडा सांगितला तसे त्यांनी टेपची दुसरी कड पाहिली आणि म्हणाले, “म्हणजे दोन सूत कमी, ताच ना?” खरेच तसे होते. त्यांच्या सवयीच्या १-११-६ ने, म्हणजे ६०३.२५ ने, कपाट केले असते तर ड्रॉवर पहिल्याच दिवशी सरकले असते. हा योगायोग आहे हेही सांगते. सूत वापरल्याने ड्रॉवर बसतात असा याचा अर्थ नाही. पण फोनवरून ‘सहाशेच ठेवा’ असे बजावण्याआधी मिस्त्री कोणते माप घेणार होते आणि का, हे एकदा विचारले असते तर चार तळफळ्या वाचल्या असत्या.

दारे, आणि मागितलेल्या तीन शीट

तीन कपाटे, प्रत्येक १२०० रुंद, प्रत्येकाला ५९७ × २१०० ची दोन दारे. यादीप्रमाणे एका शीटमधून दोन दारे, एकूण तीन शीट. दारांसाठी हाताशी राहिली होती दुसरी खेप, म्हणजे १२०० रुंदीची. तिच्यात ५९७ ची जोडी ११९४ होते. काप गेला की कडांना मिळून तीन मिलिमीटर. प्रवासात कोपरे दबलेले असतात, शीट काटकोनात थोडी इकडेतिकडे असते; तेवढ्यात कडा साफ होत नाहीत. म्हणून मिस्त्री एका शीटमधून एकच दार काढायला निघाले होते आणि तीन जादा शीट मागत होते.

इथे मिस्त्री, यादी आणि मुलगा तिघेही दारे एका शीटवर आणि फळ्या दुसऱ्या शीटवर असेच पाहत होते. कपाटाच्या आतल्या फळ्या ५८० खोलीच्या होत्या आणि त्यांच्यासाठी यादीत आणखी तीन शीट होत्या. मी फक्त जोडी बदलली. प्रत्येक शीटमधून एक ५९७ चा दाराचा पट्टा आणि एक ५८० चा फळीचा पट्टा: काप धरून ११८०, वीस मिलिमीटर कडांना. सहा दारे, सहा फळीपट्टे, सहा शीट. एक शीट आधीच वेगळ्या मापाने कापली गेली होती, तिच्याबद्दल एक नवी आणावी लागली. बाकी दोन मागवायची वेळ आली नाही.

६०० हे माप १२०० च्या शीटसाठी फारच वाईट आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कागदावर १२०० चे दोन भाग ६०० इतके स्वच्छ पडतात की पाते मधे येते हे कोणाला आठवत नाही. १२२० च्या शीटमध्ये तीच चूक पोटात जाते, म्हणून ती वर्षानुवर्षे उघडी पडत नाही.

गाद्या

याचा निकाल लवकर लागला. पलंग चित्रात आतून १८०० × ९००. गाद्या कुडाळच्या दुकानातून, ७२ × ३६ इंची, म्हणजे १८२९ × ९१४. इथेही ‘सहा बाय तीन’ हे एकच नाव दोन मापांना चिकटलेले. पलंग मोडायचे कारण नव्हते. आत खाली बसवलेला तळ पट्ट्या मारून कडेच्या पातळीला आणला. पलंगाचे बाहेरचे माप १८३७ × ९३७ होते. गादी वर छान बसली, आणि खाली हवा खेळायला जागाही राहिली, जी कोकणात हवीच.

बिल

काकूंचा फसवणुकीचा संशय पूर्ण खोटा नव्हता. दोन्ही बिलांत प्रत्येक शीटचे ३२ चौरस फूट लावले होते. २४४० × १२२० चे क्षेत्रफळ २.९८ चौरस मीटर, म्हणजे ३२ चौरस फूट बरोबर. २४०० × १२०० चे मात्र २.८८ चौरस मीटर, म्हणजे ३१. दर १०० रुपये धरला तर आठ शीटमागे आठशे रुपये न मिळालेल्या प्लायचे. रक्कम छोटी आहे, पण मोठ्या बांधकामात शेकडो शीट येतात तेव्हा ती छोटी राहत नाही. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालचा. आजचा वैधमापन कायदा २००९ चा, १ एप्रिल २०११ पासून लागू; व्यवहारातले माप आणि दर मेट्रिक एककातच सांगावे असे तो म्हणतो. प्लायवुडचा बाजार तरीही चौरस फुटावर चालतो, आणि उद्या थांबेल असे मला दिसत नाही. निदान चौरस फूट तरी मोजलेल्या शीटचे लावावेत. व्यापाऱ्याला दोन्ही शीट शेजारी उभ्या करून फोटो पाठवला. त्याने वाद न घालता पुढच्या बिलात फरक वळता केला.

पुढच्या टप्प्यासाठी काय ठरले

मिस्त्रींना मिलिमीटर शिकवायचा बेत मुलाने आखला होता. मी तो मोडून काढला. चाळीस वर्षांचा हात सुतात बसलेला आहे, तो घाईत मिलिमीटरमध्ये हमखास चुकेल. त्याऐवजी एकच बंधन घातले: माप एकदाच बदलायचे, आणि ते कापणाऱ्याने नाही. डिझायनरच्या यादीशेजारी मी दुसरा रकाना काढला आणि प्रत्येक तुकड्याचे माप इंच-सुतात लिहिले, जवळच्या अर्ध्या सुतापर्यंत. लाकडावर पेन्सिलीने फक्त त्या रकान्यातलाच आकडा पडणार. फोनवरून कोणी मिलिमीटर सांगितले तर ते आधी कागदावर यावेत, मग लाकडावर.

डिझायनरनेही दोन गोष्टी मान्य केल्या. प्रत्येक कपाटात जो आकडा हलवायचा नाही त्याभोवती गोल काढायचा. ड्रॉवरच्या कपाटात तो आतला, ओट्याच्या गाळ्यात बाहेरचा. आणि कापणीची यादी शीट घरात येऊन मोजल्याशिवाय काढायची नाही, जाडी कॅलिपरची, शिक्क्याची नव्हे.

माडीवरच्या खोलीचे काम दिवाळीनंतर निघाले. दुकानात गेलेली चिठ्ठी अशी होती: “मरीन प्लाय, आयएस ७१०, शीट २४४० × १२२०, त्याहून कमी नको, सर्व शीट एकाच खेपेतल्या, जाडी १९, मोजून १८.५ ते १९. बिल प्रत्यक्ष मापावर.” दुकानदाराने फोन करून विचारले, “म्हणजे आठ बाय चारच ना?” मिस्त्रींनी फोन हातात घेतला आणि चिठ्ठीवरचे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचून दाखवले.